रणगाड्यांच्या मॉडेल्ससाठी अ‍ॅक्रिलिक रंग आणि कॅमोफ्लाज: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरला माझ्या घरी रविवारी सकाळी पाच-सहा जण आपापली अर्धवट किट्स डब्यात घालून घेऊन येतात. चहा होईपर्यंत कुणी ट्रॅकच्या कड्या जोडतं, कुणी नुसतं बघत बसतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न दर वर्षी नव्या माणसाकडून येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक १/३५ प्रमाणातल्या रणगाड्यांची आहेत. १/७२ वाल्यांनी थोडा हात आखडता घेऊन वाचावं.

दादा, पहिल्यांदाच रंग घेतोय. टामिया घेऊ की व्हॅलेहो?

आधी सांगा, रंग मारणार कशानं? ब्रशनं मारणार असाल तर व्हॅलेहो मॉडेल कलर. एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) असेल तर टामिया. माझं मत इतकं सरळ आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

दोन्ही अ‍ॅक्रिलिक म्हणूनच विकले जातात, पण जात वेगळी. टामियाच्या रंगात अल्कोहोलच्या वळणाचं द्रावक असतं. तो झटकन वाळतो आणि प्लास्टिकला घट्ट धरतो. फवारताना हा गुण कामाला येतो. ब्रशनं मारताना तोच नडतो, कारण दुसरा हात द्यायला जावं तर खालचा हात विरघळून ब्रशबरोबर उचलला जातो आणि पट्टे पडतात. व्हॅलेहो पाण्यातला. दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात दिले की सपाट बसतो. पण त्याची पकड कमी, नखानंही निघतो. म्हणून खाली प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, हवाच आणि वरून किमान एक दिवस हात लावायचा नाही.

मिस्टर हॉबीची ‘एच’ क्रमांकाची अ‍ॅक्वियस मालिका वागायला टामियासारखी आहे. एके कंपनीचे रिअल कलर्सही तसेच. एकेचे थर्ड जनरेशन आणि अ‍ॅमोचे अ‍ॅक्रिलिक व्हॅलेहोच्या बाजूला बसतात. सुरुवातीला एकच घर धरा. दोन्ही घरच्या बाटल्या एकदम घेतल्या की थिनरचे घोटाळे सुरू होतात.

घेताना क्रमांक नीट वाचा. टामियाच्या एलपी क्रमांकाच्या बाटल्या दिसायला जवळपास सारख्याच असतात, पण आत लॅकर, म्हणजे वेगळ्याच जातीचा रंग असतो. तसंच एक्स-२० हा एनॅमलचा थिनर आणि एक्स-२०ए हा अ‍ॅक्रिलिकचा. शेवटचा ‘ए’ पाहूनच पैसे द्या.

किती बाटल्यांनी सुरुवात करावी?

टामिया घेतलात तर सहा पुरतात: एक्सएफ-१ काळा, एक्सएफ-२ पांढरा, एक्सएफ-५७ बफ, एक्सएफ-६० डार्क यलो, एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, एक्सएफ-६४ रेड ब्राउन. सोबत एक्स-२०ए ची मोठी बाटली आणि चकचकीत थरासाठी एक्स-२२. एकेका गाडीच्या नावानं निघालेले संच पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यातल्या दोन बाटल्या वापरल्या जातात आणि चार कपाटात सुकतात.

रंग पातळ करायला केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल का?

टामियाला चालतं. ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि रंग चिकट राहतो. उकाड्यात नुसतं अल्कोहोल फार लवकर उडतं, म्हणून मी एप्रिल-मे मध्ये एक्स-२०ए च वापरतो.

व्हॅलेहोत मात्र अल्कोहोलचा थेंबही टाकू नका. मी एकदा घाईत टाकला होता. एअरब्रशच्या कपात दूध फाटावं तसा रंग क्षणात फाटला: तळाशी रबरासारख्या गुठळ्या, वर हिरवट पाणी. नोझल उघडून सुईच्या टोकानं ते एकेक तुकडे काढण्यात अख्खी दुपार गेली. व्हॅलेहोला त्याचाच थिनर द्या, ब्रशकामाला पाणी पुरे. पाणी बोअरचं नको, आपल्याकडे त्याला क्षार फार. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर मिळतं, तेच ठेवा.

हार्डवेअरच्या दुकानातला थिनर स्वस्त पडतो. तो का नको?

तो एनसी थिनर असतो, आणि तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, खातो. बारीक रिव्हेट मऊ पडतात, पातळ भाग वाकतात. तो फक्त एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ठेवा, तेही खिडकी उघडून आणि रबरी सील आधी काढून.

कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग वापरले तर?

शाळकरी मुलं हे विचारतात आणि मला त्यांना नाउमेद करायचं नाही. मेन रोडवर किंवा कॉलेज रोडच्या कुठल्याही स्टेशनरीत हे रंग मिळतात आणि हात बसवायला ते चांगले आहेत. अडचण अशी की ते कॅनव्हाससाठी आणि कापडासाठी केलेले. रंगद्रव्य जाडसर, थर जाड, आणि उघड्या प्लास्टिकवर पकड नाही. खाली राखाडी प्रायमर फवारा, रंग पातळ करा, चार हात द्या, वर मॅट वार्निश. रिव्हेट थोडे बुजतील, पण मॉडेल उभं राहील. एअरब्रशमध्ये हे घालू नका. डायोरामाच्या (मॉडेलभोवती उभ्या केलेल्या छोट्या देखाव्याच्या) जमिनीला, भिंतींना मी आजही हेच रंग वापरतो.

प्रायमर खरंच लागतो?

टामिया फवारणार असाल आणि गाडी सगळी प्लास्टिकची असेल तर सुटतं. फोटो-एच्ड पितळी भाग (पातळ पत्र्याचे कोरीव तुकडे), रेझिन किंवा धातूची नळी असेल तर लागतोच. प्रायमर मारायच्या आधी मॉडेल भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्याचं तेल आणि आपल्याच बोटांचा तेलकटपणा, रंग सोलून निघायची कारणं बहुतेक वेळा हीच असतात.

नाशिकच्या हवेचा काही फरक पडतो का?

खूप पडतो, आणि परदेशी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की रंगाचा थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच वाळतो. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो आणि एअरब्रशच्या टोकाला रंग साचतो. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत काम संपवा आणि रंगात दोन-तीन थेंब रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव, घाला.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. पावसाची झड लागली की मॅट वार्निश मारूच नका. एका ऑगस्टमध्ये मी पूर्ण झालेल्या सेंच्युरियन रणगाड्यावर संध्याकाळी मॅट थर मारला आणि पंख्याखाली ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) दह्याच्या निवळीसारखी पांढुरकी साय आली होती. हवेतला ओलावा वार्निशमध्ये अडकला की असं होतं. मॉडेल फेकू नका. कोरडा दिवस बघून त्यावर चकचकीत वार्निशचा एक थर द्या. बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो, मग पुन्हा मॅट मारता येतं. माझा सेंच्युरियन तसाच वाचला.

सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे. निफाडकडची थंडी शहरात उतरली की पहाटे व्हॅलेहो वाळायला वेळ घेतो, पण दहानंतर ऊन आलं की अगदी हवं तसं काम होतं. मी वर्षभर जोडणी करतो आणि रंगकाम थंडीत काढतो.

रंग मागवतानाही ऋतू बघा. ज्वलनशील माल विमानानं पाठवण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे थिनरची पार्सलं रस्त्यानं, सावकाश येतात. डिसेंबरचं काम असेल तर ऑक्टोबरमध्ये मागवा.

कॅमोफ्लाज निवडायचं कसं? किटच्या कागदावर तीन-चार पर्याय असतात.

रंगाच्या पानावरून निवडू नका. स्वतःला तीन गोष्टी विचारा: ही गाडी कुठे होती, कोणत्या वर्षी होती, आणि तिच्यावर रंग कोणी, कशानं मारला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कड कशी हवी, पट्टे किती नेमके हवेत, दोन्ही बाजू सारख्या असाव्यात की नाही, हे सगळं आपोआप सुटतं.

जर्मन गाड्या घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून डार्क यलो रंगात बाहेर पडू लागले. ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी हे दोन रंग घट्ट पेस्टच्या डब्यांतून तुकड्यांना मिळायचे. सैनिकांनी ती पेस्ट पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये कालवायची आणि आघाडीवरच गाडीला मारायची. स्प्रे गन मिळाली तर तिनं, नाही तर ब्रशनं किंवा हाताला लागेल त्यानं. म्हणून एकाच तुकडीतल्या दोन गाड्याही सारख्या दिसत नाहीत. कालवताना पातळ झालेल्या ठिकाणी खालचा पिवळा डोकावायचा. अशा गाडीवर तुम्ही मास्किंग टेप लावून काटेकोर पट्टे मारले, तर रंगाची बाटली अचूक असूनही गाडी खोटी दिसते. हात मोकळा सोडा. रंग थोडा जास्त पातळ करा, कुठे दाट, कुठे विरळ येऊ द्या.

१९४४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी चित्र पालटलं. कॅमोफ्लाज कारखान्यातच मारायला सुरुवात झाली आणि झाडाच्या पानांतून पडणाऱ्या कवडशांसारखे ठिपके असलेला ‘अँबुश’ नमुना आला. तो आखीव आहे, तिथे नेमकेपणा हवा.

१९४०-४१ मधल्या ब्रिटिश गाड्या उत्तर आफ्रिकेत सरळ रेषांच्या तिरप्या पट्ट्यांत रंगवल्या जायच्या, तो कॉन्टर नमुना. तिथे टेप लागतेच. १९८० च्या दशकातला नाटोचा हिरवा-तपकिरी-काळा नमुना तर ठरलेल्या आराखड्यावर मारला जातो, तिथे मनानं पट्टे मारणं चूक. त्यासाठी टामियाचे एक्सएफ-६७, ६८ आणि ६९ हे तिन्ही तयार मिळतात.

पहिलंच मॉडेल असेल तर या कशातच पडू नका. ऑलिव्ह ड्रॅब शर्मन किंवा हिरवा टी-३४ घ्या. एकच रंग असला की उजेड-सावली आणि धूळ यांच्याकडे लक्ष देता येतं.

जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखता येतो का?

फिका की गडद ते ओळखता येतं, रंग नाही. ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी कृष्णधवल फोटोत जवळजवळ एकाच राखाडीत उतरतात. याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९३९ च्या पोलंड मोहिमेतले जर्मन रणगाडे. १९३७ ते १९४० या काळात ते गडद राखाडी आणि गडद तपकिरी अशा दोन रंगांत होते. दोन्ही रंग इतके गडद की फोटोत फरक दिसत नाही. त्यामुळे कित्येक वर्षं मॉडेलर त्यांना नुसते राखाडी रंगवत आले. जुलै १९४० नंतरच्या गाडीला नुसता राखाडी बरोबर आहे.

पट्ट्यांची कड मऊ ठेवायची की धारदार?

जरा हिशेब करा. खऱ्या गाडीवर स्प्रे गनच्या पट्ट्याची धूसर कड साडेतीन सेंटिमीटर असेल, तर १/३५ वर ती एक मिलिमीटर होते. आपण हौसेनं फवारलेली कड बऱ्याचदा चार-पाच मिलिमीटर पसरते. म्हणजे खऱ्या गाडीवर वीतभर धुकं!

बारीक कडेसाठी टामियाच्या एका भागाला दोन भाग थिनर घ्या, दाब १० ते १२ पीएसआय, आणि नोझल मॉडेलपासून दोन सेंटिमीटरवर. आधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर रेघा ओढून बघा. रेघेच्या कडेला कोळ्याचे पाय फुटले तर रंग फार पातळ झालाय किंवा दाब जास्त आहे. हलका रंग आधी, गडद नंतर.

हात स्थिर राहत नसेल तर ब्लू टॅकच्या (भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ लगद्याच्या) शेवया वळून पट्ट्याच्या कडेला ठेवा. त्यांच्या गोलाईखाली रंग किंचित शिरतो आणि कड नैसर्गिक येते. टेप लावायची असेल तर आधी मनगटावर एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. व्हॅलेहोवर तर हे केल्याशिवाय टेप लावूच नका.

बाटली अगदी बरोबर क्रमांकाची घेतली, तरी मॉडेल फार काळपट का दिसतं?

कारण आपण ते जवळून, घरातल्या दिव्यात बघतो. देवळाली कॅम्पच्या रस्त्यानं जाताना लष्करी ट्रक दुरून पाहा. जवळ आल्यावर गडद हिरवा वाटणारा ट्रक दोनशे पावलांवरून राखाडी-हिरवा, फिका दिसतो. मॉडेलवर तो दुरूनचा रंग हवा. दहा थेंबांना एक-दोन थेंब फिका रंग घाला. हिरव्यात पांढरा घालू नका, तो खडूसारखा होतो. बफ घाला. तयार झालेला रंग रात्री ट्यूबलाइटखाली ठरवू नका, सकाळी गच्चीत नेऊन बघा.

भारतीय रणगाड्यांचा नेमका रंग कोणता?

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा आहे. आपण परदेशी गाड्या कौतुकानं रंगवतो आणि बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन कुणाच्या कपाटात दिसत नाही. १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या गाडीत लढता लढता गेले, ती १७ पूना हॉर्सची सेंच्युरियन होती. खेत्रपाल जन्मानं पुण्याचे. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचं नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनाही परमवीर चक्र मिळालं. मराठी मॉडेलरनं या गाड्या करायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

‘भारतीय सैन्याचा हिरवा’ म्हणून एखादी बाटली शोधत बसू नका. १९७१ च्या सेंच्युरियनला मी एक्सएफ-६२ चे सात आणि एक्सएफ-६१ चे तीन थेंब घेतो, वर फिकेपणासाठी बफचा एक. चेन्नईजवळच्या आवडीत बनलेल्या विजयंत रणगाड्यालाही हेच मिश्रण, फक्त बफ थोडा जास्त. हा माझ्या डोळ्यांचा अंदाज आहे. तुम्हाला वेगळा पटला तर तो मारा, पण एका गाडीवर एकच मिश्रण ठेवा आणि प्रमाण वहीत लिहा.

टी-७२ अजेय, टी-९० भीष्म यांच्या वाळवंटातल्या सरावाच्या फोटोंत हिरव्यावर वाळूच्या रंगाचे रुंद पट्टे दिसतात. वाळूसाठी एक्सएफ-५९ चांगला. मात्र २६ जानेवारीच्या संचलनातली गाडी आणि राजस्थानातल्या सरावातली गाडी यांत भेद करा. संचलनाची गाडी नव्या रंगात झळकते, तिच्यावर चिखल आणि गंज चढवला तर ते चूकच.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन रंग जुळवता येईल का?

जरूर जा, पण रंगासाठी नको. नाशिकहून शिर्डी-राहुरी मार्गे सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात, त्यामुळे त्यांचा आजचा रंग हा युद्धातल्या रंगाचा पुरावा नाही. मग काय बघायचं? ओतीव टरेटचा खरखरीत पोत, वेल्डिंगच्या जाड शिवणी, ट्रॅकच्या दातांना घासून आलेली चकाकी, हॅचच्या कडांना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पायांनी झिजलेला रंग. पॅटनच्या उतरत्या टरेटवर तळहात ठेवण्याची मुभा मिळाली तर ठेवा. त्यानंतर तुम्ही प्लास्टिकच्या टरेटवर पातळ पुट्टी थापटून पोत द्यायला शिकाल, हे नक्की.

वॉश दिला की खालचा अ‍ॅक्रिलिक निघेल का?

एनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश, म्हणजे खाचांत सावली आणणारा पातळ गडद रंग, पूर्ण वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला धक्का लावत नाही, तरीही मध्ये एक्स-२२ चा थर द्या. वॉश त्यावर सहज पळतो आणि डाग पडत नाहीत. डेकल, म्हणजे चिन्हांचे आणि आकड्यांचे चिकटवायचे छाप, तेही याच थरावर लावायचे. महागडा वॉश लागतोच असं नाही. तैलरंगातल्या बर्न्ट अंबरची नळी घ्या, पुठ्ठ्यावर थोडा रंग काढून तासभर ठेवा म्हणजे जादा तेल पुठ्ठा पितो, मग गंधविरहित टर्पेंटाइनमध्ये कालवा. रिव्हेटच्या मुळाशी टेकवायचा, सगळीकडे फासायचा नाही.

चिखल आणि धुळीसाठी आपल्याकडची माती वापरू का?

वापरा, पण चाळून, तव्यावर भाजून, आणि गाडी कुठे लढली हे बघून. मी पहिल्या सेंच्युरियनच्या ट्रॅकमध्ये पांडवलेण्याच्या पायथ्याचा लालसर मुरूम हौसेनं भरला होता. आमच्या कॉलनीत रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक रिसालदार काका आहेत. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ट्रॅककडे बोट दाखवून म्हणाले, “अरे, ही माती तर आपल्याकडची. शकरगडला कुठली लाल माती? तिथं सगळा नदीचा गाळ. ओला असला की करडा, वाळला की पिठासारखा उडायचा.”

त्या रात्री मी टूथब्रशनं सगळा मुरूम काढला. आता शकरगड भागातल्या बसंतरच्या गाडीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बफ आणि किंचित एक्सएफ-१० मिसळून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवतो आणि वाळल्यावर वरून कोरडं पिगमेंट टेकवतो. १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईतला पाकिस्तानी पॅटन करायचा असेल तर हेच मिश्रण गडद आणि ओलं हवं. तिथे उसाच्या शेतांत पाणी सोडलं होतं आणि गाड्या रुतल्या होत्या, म्हणून चिखल चाकांच्या वरपर्यंत न्या आणि शेवटी त्यावर एक्स-२२ चे थोडे ठिपके द्या, म्हणजे ओल दिसते. आपली काळी माती ठेवा विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या डायोरामासाठी. मुरूम मात्र देवळालीच्या सरावातल्या तोफगाडीला अगदी बरोबर बसतो. मी तो आता वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून ठेवला आहे.